नऊ कुटुंबें आणि झांकून ठेवलेली गोष्ट

कांहीं वर्षांपूर्वीं पालकांच्या सभेच्या दिवशीं एक गृहस्थ शाळेच्या फाटकांतून झोकांड्या खात आंत येतांना आम्हांस दिसले. पावलें फांकलेलीं, बोलणें जड. भर दुपारीं मद्य घेऊन मुलाच्या शाळेंत येणाऱ्या मनुष्यास आंत सोडूं नये, असें आम्हीं शिपायास सांगितलें, आणि मोठें कर्तव्य बजावल्याच्या समाधानानें वर्गाकडे वळलों. दुसऱ्या दिवशीं त्यांचा मुलगा खालीं मान घालून एवढेंच म्हणाला, "सर, बाबा पीत नाहींत." त्यांच्या लहान मेंदूचा ऱ्हास होत होता. हुडकेश्वरच्या त्यांच्या आळीनें त्यांस जें नांव दिलें होतें, तेंच आम्हीं पदवीधर शिक्षकांनींहि दिलें.

लहान मेंदू डोक्याच्या मागच्या भागांत, मानेच्या वर असतो. चालण्याचा तोल, हाताचा नेम, जिभेची लय तो सांभाळतो. तो क्षीण झाला म्हणजे निर्व्यसनी मनुष्यहि मद्यप्यासारखा चालूं लागतो. अशा ऱ्हासाचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील कांहीं प्रकार वंशपरंपरेनें येतात, आणि त्यांपैकीं एका प्रकाराची ओळख शास्त्रास मुंबईच्या एका डॉक्टरांनीं करून दिली, हें आमच्या विद्यार्थ्यांस सहसा ठाऊक नसतें.

डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) हे ते डॉक्टर. इंग्लंडांत मज्जासंस्थेच्या रोगांचें शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं या शास्त्राचा विभाग उभा केला. १९७१ सालीं आपले सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनीं 'ब्रेन' या नियतकालिकांत नऊ भारतीय कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या घरांतील रोग्यांचा तोल तर जाईच, पण त्यांचे डोळेहि विलक्षण मंद फिरत. विद्यार्थिमित्रहो, ही ओळ वाचतांना तुमचे डोळे सरकत जात नाहींत. ते उड्या मारतात, आणि एकेक उडी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आंतच संपते. शेजारच्या मित्रास प्रथम फळ्याकडे आणि मग खिडकीकडे पाहावयास सांगा, म्हणजे खात्री पटेल. त्या रोग्यांचे डोळे मात्र मुंगीच्या पावलांनीं सरकत, आणि बाजूस पाहण्यासाठीं त्यांस मानच वळवावी लागे. झोकांड्या खाणारे रोगी पुष्कळांनीं पाहिले होते. वाडियांनीं त्यांचे डोळे पाहिले आणि त्यांवरून रोगाची निराळी जात ओळखली.

त्याच वर्षीं, १ ऑक्टोबर रोजीं, लंडनच्या विंबल्डन भागांतील एका रुग्णालयांत सी. टी. यंत्रानें प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. म्हणजे वाडियांनीं हें काम केलें तेव्हां असें यंत्र त्यांच्या हाताशीं नव्हतेंच. आज एम. आर. आय. मध्यें लहान मेंदू आक्रसलेला स्पष्ट दिसतो. पुढें १९९६ सालीं बाराव्या गुणसूत्रावरील दोषहि सांपडला: जनुकांतील तीन अक्षरांचा एक तुकडा बहुतेकांत २२ वेळां येतो, तो या रोग्यांत ३३ किंवा त्याहूनहि अधिक वेळां येतो. या जातीस आतां एस. सी. ए. २ म्हणतात.

पण आमचें गाऱ्हाणें यंत्रांविषयीं नाहीं, घरांविषयीं आहे. महागड्या फिल्मांची पिशवी घेऊन लोक डॉक्टरांकडे जातात, आणि डॉक्टरांनीं "वडिलांकडे आणखी कोणी असें चालत असे काय?" असें विचारलें कीं घर मुकें होतें. थोरल्या काकांस दारूनें नेलें म्हणावें, आत्या पाय घसरून पडली म्हणावें, पण खरें सांगूं नये! कारण उघड आहे: मुलींचीं लग्नें व्हावयाचीं असतात. ही भीति खोटी आहे असें आम्हीं म्हणत नाहीं; आमच्याहि घरीं मुली आहेत. तथापि एम. आर. आय. यंत्रांत आजोबा दिसत नाहींत. ते कसे चालत हें घरच्यांनींच सांगावें लागतें. त्या नऊ कुटुंबांनीं तोंड मिटलें असतें, तर वाडियांची दृष्टि कितीहि तीक्ष्ण असली तरी व्यर्थ गेली असती.

या रोगांत प्रत्येक अपत्यास दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. तो लपविल्यानें तसूभरहि कमी होत नाहीं. उलट, मोठ्या झालेल्या मुलास स्वतःच्या आयुष्याविषयीं निर्णय घेण्याची जी संधि मिळावयास हवी ती मात्र जाते. यावर कोणी म्हणेल, कोवळ्या मनावर हें ओझें कशास? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच निरोगी लहान मुलाची अशी तपासणी करूं नये, असाच वैद्यकाचा संकेत आहे. सज्ञान झाल्यावर त्यानें स्वतः ठरवावें. रोग बरा करणारें औषध अद्याप नाहीं. पण तोल सांवरण्याचे व्यायाम, बोलण्याचें व गिळण्याचें शिक्षण यांनीं दिवस सुसह्य होतात, आणि मनुष्यास मद्यपी न म्हणण्यास तर औषधाचीहि गरज लागत नाहीं.

त्या गृहस्थांच्या घरीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली. मुलानें त्यानंतर आजीस विचारलें, आजोबा कसे चालत? ती बराच वेळ स्वयंपाकघरांत भांडीं लावीत राहिली. मग बाहेर येऊन, पदरास हात पुसत, तिनें अंगणाच्या कडेची भिंत दाखविली: या भिंतीस धरून चालत, आणि हांक मारली कीं सबंध मान वळवून पाहत. पुढच्या वेळीं डॉक्टरांकडे जातांना ती दोघांबरोबर गेली.