महागलेली मेमरी आणि घरचा गेमिंग संगणक

संगणकाचे सुटे भाग दरवर्षी स्वस्त होत जातात, तेव्हा खरेदीची घाई न करता थोडे थांबलेले बरे, हे शहाणपण महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने दोन-अडीच दशकांच्या अनुभवातून कमावले होते. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्यातालुक्यांत संगणक पोहोचला आणि मागोमाग तो जुळवून देणारी दुकानेही आली. त्या दुकानदारांचा सल्लाही बहुधा हाच असे. २०२५ च्या उत्तरार्धात मात्र हे गणित पार उलटले. रॅम या नावाने आपण ओळखतो त्या मेमरीच्या किमती काही महिन्यांत दुप्पट आणि काही प्रकारांत तिपटीवर गेल्या. महानगरांतल्या हौशी खेळाडूंना याची झळ बसलीच; पण खरी कोंडी झाली ती भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या घरांची. मुलाला गेमही खेळता येतील आणि अभ्यासही करता येईल असा एकच संगणक, एकदाच आणि ठरलेल्या रकमेत घ्यायचा, अशी या घरांची रीत असते.

या दरवाढीचे मूळ दूर आहे. जगातली बहुतांश डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय संगणक केंद्रांना लागणारी खास मेमरी बनवायची, तर तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते आणि तिला भावही चढा मिळतो. साहजिकच उत्पादन तिकडे वळले. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी प्राथमिक समझोता केला. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या मागणीचा उल्लेख होता. त्यातून या ओढाताणीचा आवाका लक्षात यावा. डीडीआर-४ या जुन्या प्रकाराचे उत्पादन आटोपते घेण्याचे कंपन्यांनी आधीच ठरविले होते, त्यामुळे तोही स्वस्त राहिला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या असंख्य जुळवलेल्या संगणकांत याच नावाच्या रॅम आहेत. गुजरातेत साणंद येथे याच कंपनीच्या प्रकल्पाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली, तेव्हा आता मेमरी स्वस्त होणार, अशी भाबडी अपेक्षा अनेकांनी बाळगली होती. परंतु तो प्रकल्प चिपची जुळणी आणि चाचणी करण्याचा आहे, मूळ वेफर घडविण्याचा नव्हे.

धानाच्या जिल्ह्यात या खर्चाचे मोजमाप धानानेच करावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये ठरली. म्हणजे ५० हजारांचा संगणक घ्यायचा तर सुमारे २१ क्विंटल धान विकावे लागते, आणि हा हिशेब लागवडीचा खर्च वजा न करता. सरकारकडून दिलासा मिळेल का, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सामील झालेला असल्याने संगणकाच्या बहुतेक भागांवर मूळ सीमाशुल्क नाही; तेव्हा ते कमी करण्याची मागणी निरर्थक आहे. उरतो तो १८ टक्के वस्तू व सेवा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्रे २८ वरून १८ टक्क्यांवर आली, संगणक मात्र होता तिथेच राहिला. रॅमची मूळ किंमत ३ हजार असताना सरकारला ५४० रुपये मिळत. तीच ९ हजार झाली की १६२० मिळतात. टंचाईवरही कर चढतो, याची चर्चा अर्थसंकल्पाच्या वेळी कोणी करताना दिसत नाही.

तात्पर्य, किंमत ठरविणे ग्राहकाच्या हाती नाही. आहे त्या रकमेची वाटणी कशी करायची, एवढेच त्याच्या हाती आहे. आणि नेमक्या या वाटणीतच बहुतेकांची फसगत होते.

पहिला सापळा जुन्या संगणकांचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठव्या पिढीची किंवा त्यापुढची चिप आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. कार्यालयांतून बाहेर पडलेली तिसऱ्या-चौथ्या पिढीची यंत्रे ‘आय-७ गेमिंग पीसी’ अशी चिठ्ठी लावून, रंगीत दिव्यांचा नवा कॅबिनेट चढवून विकली जातात. आय-७ हा आकडा पिढी सांगत नाही, हे ग्राहकाला ठाऊक नसते. २०२२ मधला चार गाभ्यांचा कोअर आय-३ १२१०० हा २०१३ च्या आय-७ ला आरामात मागे टाकतो. मुलांत लोकप्रिय असलेला व्हॅलोरंट हा खेळ तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट यांच्याशिवाय सुरूच होत नाही. दुसरा सापळा बनावट ग्राफिक्स कार्डांचा. जुन्या जीटीएस ४५० कार्डाची आतली आज्ञावली बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपविण्याचे प्रकार जगभर उघडकीला आले आहेत. आरएक्स ५८० च्या नावाखाली मिळणारे स्वस्त कार्ड पुष्कळदा ‘२०४८ एसपी’ असते. मूळ कार्डात २३०४ गणन-घटक होते, यात २०४८ आहेत. खोक्यावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते, पण वाचतो कोण?

मग घ्यावे काय? मेमरी महागण्यापूर्वी हा प्रश्न विचारला असता, तर जाणकारांनी एएमडीच्या एएम-५ या नव्या सॉकेटकडे बोट दाखविले असते. पुढे चिप बदलता येते, संगणक जास्त वर्षे टिकतो, हा युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु एएम-५ ला डीडीआर-५ मेमरीच लागते, आणि आजच्या भावात तीच सर्वांत जड पडते. त्यामुळे मर्यादित रकमेत प्रस्तुत लेखकाचा कौल जुन्या एएम-४ सॉकेटला आहे. डीडीआर-४ नवी महाग असली तरी घरातल्या, नातेवाइकांच्या जुन्या संगणकांतून निघालेल्या रॅम तिथे चालतात. फक्त लॅपटॉपची छोटी रॅम डेस्कटॉपला बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

या सॉकेटवर रायझन ५ ५६००जी ही २०२१ मधली सहा गाभ्यांची चिप बसते. तिच्यातच ग्राफिक्सची सोय असल्याने पहिल्या दिवशी वेगळे कार्ड घ्यावे लागत नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ यांसारखे खेळ मध्यम किंवा कमी दर्जाच्या दृश्यमांडणीवर ती चालवते. मात्र इथे एक खोच आहे. कार्ड नसले की ग्राफिक्सला लागणारी मेमरी मुख्य रॅममधूनच घेतली जाते. म्हणजे कार्डात वाचविलेले पैसे काही अंशी रॅममध्ये घालावे लागतात, आणि तीच तर महाग! तरीही ८ जीबीवर भागविण्याचा मोह टाळावा. १६ जीबी घ्यावी, तीही एका स्टिकमध्ये न घेता ८-८ च्या दोन स्टिकमध्ये. दोन स्टिक असल्या की चिपला मेमरीकडे जाणारे दोन मार्ग मिळतात. एकच असली की वाट निम्मी होते आणि अशा चिपवरचा खेळ अडखळू लागतो. मदरबोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील, तर भाव उतरल्यावर आणखी दोन बसविता येतील. पैसे अगदीच अपुरे असतील तर एक स्टिक आज, दुसरी पुढल्या हंगामानंतर, हेही चालेल. पण मग तोवर खेळ रखडतो म्हणून चिपला दोष देऊ नये.

ज्यांना कार्ड सुरुवातीलाच हवे आहे, त्यांच्यासाठी आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप विचारात घेण्याजोगे आहे. ते ७० वॅटवर चालते आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना एसएमपीएसची वेगळी तार लागत नाही. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड त्याहून स्पष्टपणे वेगवान, पण ते १३२ वॅट मागते. पुण्या-मुंबईच्या सल्लागाराने दुसरेच सुचविले असते आणि वेगाच्या दृष्टीने ते बरोबरही ठरले असते. भंडाऱ्यात मात्र वॅटचा विचार वेगळ्या कारणासाठी करावा लागतो.

ते कारण विजेचे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा प्रकल्प उभा असला, तरी पावसाळी वादळात खेड्यापाड्यांतली वीज जाणे-येणे आणि दाब खाली-वर होणे नवे नाही. दुकानात कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिणारा एसएमपीएस अशा विजेवर सर्वांत आधी दगा देतो आणि कधी कधी जाताना मदरबोर्डही घेऊन जातो. भंडाऱ्याच्या माणसाला पितळी भांड्याची परीक्षा हातात घेऊन, वजनावरून करता येते. एसएमपीएसलाही ही परीक्षा बरीचशी लागू पडते. आत तांबे आणि उष्णता वाहून नेणारे धातू कमी असले की डबा हलका लागतो. पण वजनावर न थांबता ‘८० प्लस’ प्रमाणित, ४५० ते ५५० वॅटचा आणि अनेक वर्षांची हमी असलेला एसएमपीएस घ्यावा. पैसे कमी पडले तर ते कुठूनही कापावेत, इथून नव्हे.

त्याच्या जोडीला यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅट देतो. ६५ वॅटची चिप आणि ७० वॅटचे कार्ड असलेला संगणक पडद्यासह त्यात सहज बसतो. मोठ्या कार्डाला मोठा यूपीएस लागतो आणि कार्डावर वाचविलेले पैसे तिथे जातात. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे का ते पाहावे आणि मागची कळ ‘यूपीएस’ स्थितीवर ठेवावी. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरला तेवढ्या अवधीत सूत्रे हाती घ्यावी लागतात. भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घेण्याचा खर्च किरकोळ आहे. तो बहुतेक घरांत होत नाही.

विजेइतकाच प्रश्न उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा काचेची बंद दर्शनी बाजू असलेला देखणा कॅबिनेट भट्टी होतो. पुढून जाळी आणि किमान दोन पंखे असलेला साधा कॅबिनेट विदर्भाला मानवतो. खोलीत कूलर असेल, आणि तो असतोच, तर त्याचा ओलसर झोत संगणकावर येऊ देऊ नये. बाष्प आणि धूळ एकत्र येऊन पंख्यांवर जो थर साचतो, तो नंतर नुसत्या फुंकरीने निघत नाही.

पालकांच्या मनातला आणखी एक गोंधळ दूर व्हायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला, तेव्हा सरकारने गेमिंगवरच बंदी घातली, असा समज पसरला. बंदी आहे ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. पैशांचे ते खेळ प्रामुख्याने चालत होते मोबाइलवर. दिवाणखान्यातल्या टेबलावर, सर्वांच्या नजरेसमोर असलेला संगणक या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. शिवाय त्याच यंत्रावर मूल ब्लेंडर, गोदो यांसारखी मोफत साधने वापरून स्वतः खेळ बनवायलाही शिकू शकते. स्वस्त मोबाइलवर ते जमत नाही, आणि म्हणूनच मेमरीची महागाई हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही.

आता खरेदी. ऑनलाइन स्वस्त पडते, स्थानिक दुकानात महाग, हे खरे. पण भाग बिघडला की नागपूर गाठावे लागते. भंडाऱ्याहून ते साधारण ६० किलोमीटर, साकोलीहून शंभराच्या आसपास. तालुक्याचा दुकानदार ती ये-जा आपल्या अंगावर घेत असेल, तर त्याने लावलेले चार-पाचशे रुपये जास्त नाहीत. मात्र प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. रॅमच्या बाबतीत तर हे विशेष आवश्यक, कारण अनेक कंपन्या तिला दहा वर्षांची किंवा आजीवन हमी देतात, आणि आजच्या भावात ती हमी रॅमइतकीच मोलाची आहे.