काट्याचा धडा

आमच्या वर्गातील सहा-सात जणांनी गेल्या वर्षी अहिराणी शब्द गोळा करण्याचा उद्योग आरंभिला. नांदगाव म्हणजे खानदेशाचा उंबरठा. इथे एकाच घरात आजी 'डोया' म्हणते आणि नातू 'डोळा' म्हणतो. अशी शब्दांची जोडपी ओळखून एकत्र मांडावीत, एवढाच आमचा हेतू होता. चार हजारांच्या आसपास शब्द जमले. ते संगणकावर चढविले आणि पायथन या संगणकभाषेत मी स्वतः एक आज्ञावली लिहिली. प्रत्येक शब्द दुसऱ्या प्रत्येक शब्दाशी ताडून पाहायचा, काना-मात्रा बाजूला ठेवायच्या, ळ आणि य एकच धरायचे, आणि सांगाडा जुळला की जोडी लावायची. आज्ञावली चालली, पण इतकी सावकाश, की ती सुरू करून आम्ही खाली चहा पिऊन येत असू.

मग सुरू झाला न्यायनिवाडा. एकजण म्हणाला, संगणक जुना आहे. दुसऱ्याचे मत पडले की देवनागरी संगणकाला जड जाते, तेव्हा शब्द रोमन लिपीत लिहावेत. तिसऱ्याने तर उच्चारभेदच गाळून टाकावेत, म्हणजे यादी निम्मी होईल, असे सुचविले. मित्रहो, उच्चारभेद गाळायचे तर मग गोळा तरी काय करायचे? परंतु खेदाची गोष्ट ही की या तिन्ही सूचनांवर आम्ही दोन दिवस गांभीर्याने वाद घातला आणि एकानेही घड्याळ लावून पाहिले नाही. मीही नाही.

शेवटी मोजणी केली ती मोबाइलच्या घड्याळावर, बोटाने कळ दाबून. एकूण वेळ भरला सव्वादोन मिनिटे. पण ही मिनिटे नेमकी कुठे जातात, ते बोटाला कसे कळणार? म्हणून आज्ञावलीत जागोजागी वेळ टिपणाऱ्या ओळी घुसडल्या. त्याने मूळ लिखाणाची अशी काही खिचडी झाली की दुसऱ्या दिवशी मलाच ते वाचवेना. तेव्हा ठरविले की मोजणारे यंत्र निराळे करायचे. एकदाच नीट लिहायचे आणि ज्याला जे मोजायचे असेल त्याने ते त्यात घालायचे. चाळीसेक ओळींचे ते प्रकरण. नाव ठेवले 'काटा'.

हे नाव सुचले बाजार समितीमुळे. कांद्याचा ट्रॅक्टर भरलेला असताना काट्यावर चढतो, माल उतरला की रिकामा पुन्हा चढतो, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे माल. वाणीही भांड्यात तेल घालण्याआधी भांड्याचा धडा करतो. संगणकाची मोजणी याहून वेगळी नाही. मोजण्याच्या खटाटोपालाही वेळ लागतोच. काम अगदी बारीक असेल तर तो खटाटोपच वजनात शिरतो. म्हणून आमचा काटा आधी काहीच न करणारे रिकामे काम चालवतो आणि त्याचा वेळ वजा टाकतो.

दुसरी गोष्ट, पहिली खेप धरायची नाही. पहिल्यांदा फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्यांदा ती बहुधा स्मृतीतच असते. पहिली खेप टाकून पुढच्या सात मोजायच्या. घड्याळही जपून निवडावे लागते. संगणकाचे नेहमीचे घड्याळ मधूनच स्वतःची वेळ दुरुस्त करून घेते. मोजणी चालू असतानाच स्टेशनवरच्या घड्याळाचा काटा कोणी पुढे सरकवावा, तसा प्रकार. पायथनमध्ये 2012 पासून निव्वळ कालावधी मोजण्यासाठी 'परफ काउंटर' नावाची वेगळी सोय आहे. आम्ही ती वापरली.

आमच्या एका सरांनी इथे वाजवी शंका काढली. पायथनमध्ये 'टाइमइट' नावाचे तयार साधन 2003 पासून आहे, मग हा खटाटोप कशाला? खरे सांगायचे तर निम्मा खटाटोप शिकण्यासाठी होता. उरलेल्या निम्म्याचे कारण असे की टाइमइट किती वेळ लागला ते सांगते, उत्तर बरोबर आले की नाही ते पाहत नाही. दुरुस्तीच्या पहिल्या प्रयत्नात माझी आज्ञावली विजेसारखी धावली. मी टाळी मागितली. आणि मग लक्षात आले की ळ-यची पायरीच माझ्याकडून गळाली होती. डोळा एकीकडे, डोया दुसरीकडे! तेव्हापासून आमचा काटा जुन्या आणि नव्या रीतीची उत्तरे आधी ताडतो; जुळली नाहीत तर वेळ सांगतच नाही. आणखी एक मतभेद आहे. टाइमइटचे मार्गदर्शन सांगते की सर्व खेपांतील सर्वांत कमी वेळ धरावा, कारण जास्तीचा वेळ बहुधा इतर कामांच्या लुडबुडीचा असतो. ते पटते. पण लुडबुडीसकट वापरणाऱ्याच्या वाट्याला येतो तो मधला आकडा, म्हणून आम्ही मध्यकही छापतो.

तर, काट्यावर काय दिसले? देवनागरीची ती बदनाम फाइल वाचायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नव्हता. सारा वेळ खात होते सांगाडा काढण्याचे काम, आणि ते मी जोडीगणिक करवून घेत होतो. चार हजार शब्दांच्या जवळजवळ ऐंशी लाख जोड्या होतात. म्हणजे एकेका शब्दाचे काना-मात्रे मी हजारो वेळा उतरवत होतो. प्रत्येक शब्दाचा सांगाडा एकदाच काढून ठेवला आणि सव्वादोन मिनिटांचे काम दोन सेकंदांत आले. संगणक तोच, लिपी तीच. दोष माझा होता.

आपल्या महाराष्ट्राला ही मोजणी नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' उभा केला. पुढे 2007 च्या नोव्हेंबरात पुण्याचाच 'एका' हा महासंगणक जगाच्या 'टॉप 500' यादीत चौथा आला. ही यादी 1993 पासून निघते आणि तिच्यासाठी सर्वांना एकच गणित सोडवावे लागते, समीकरणांचा एक अवाढव्य संच. त्या कसोटीला लिनपॅक म्हणतात. 'एका'ने तीवर सेकंदाला सुमारे 118 लाख कोटी आकडेमोडी केल्या. सर्वांना एकच काटा, हे त्या यादीचे मोठेपण मला वाटते. पण समीकरणांत चौथा आलेला संगणक शब्द जुळवण्यातही चौथाच येईल, असे ती यादी सांगत नाही, आणि आपणही तिच्या तोंडी ते घालू नये. ज्याला जे काम करायचे, त्याने तेच काम काट्यावर घालावे. आमच्या काट्यात म्हणून काम बाहेरून देता येते.

ती फाइल संगणक कक्षात सर्वांसाठी ठेवली आहे. अर्थशास्त्राच्या एका मित्राने परवा ती उचलली आणि मी अत्यंत वेगवान म्हणून मिरवलेली हजेरीपटाची आज्ञावली तिच्यावर घातली. त्याने साध्या रीतीने लिहिलेली तिच्याहून तिपटीने लवकर संपली. उत्तरे जुळली होती. मी दोनदा पाहिले.