जसंच्या तसं

लॅपटॉपला मोठी डिस्क बसवायची म्हटलं की जाणकार मंडळी हमखास सांगतात: विंडोज कोरी टाका, हवं तेवढंच उचला, कचरा मागे राहू द्या. ऐकायला छान वाटतं. मला मात्र हा सल्ला पटत नाही, आणि त्याला कारण माझे मामा.

मामा निवृत्त शिक्षक. गावच्या मंडळाचा दिवाळी अंक वर्षानुवर्षं त्यांनी घरीच लावला, पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या टायपात. लॅपटॉप विंडोज ७चा, आत ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. नेटला तो जोडत नाहीत, ते बरंच आहे; विंडोज ७चे सुरक्षा-अपडेट जानेवारी २०२०मध्येच बंद झाले.

“मामा, यातलं हवंय काय काय?” मी विचारलं.

“अंकांच्या फायली घे, नातवंडांचे फोटो घे. बाकी आहेच काय त्यात?”

बाकीच्यातच तर सगळं होतं. हे जुने टाइप युनिकोड नव्हेत. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपले काने, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवलेली असतात. फाइलमध्ये साठतात ते नुसते क्रमांक. त्यांचं मराठी करतो तो फॉण्ट. फॉण्ट नसला की संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांची रांगोळी उमटते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, विंडोज २०००बरोबर मंगल फॉण्टही आला. पण पेजमेकरला युनिकोड कळतच नसे, आणि २००१च्या ७.० नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. मराठी डीटीपीवाले तरीही त्याला धरून राहिले. म्हणजे मामांच्या अंकांसाठी नुसत्या फायली पुरणार नव्हत्या. पेजमेकर हवा, तेच फॉण्ट हवेत, कीबोर्डची तीच मांडणी हवी. यातलं काहीही ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये नसतं. त्या सगळ्याच्या सीडी कुठे आहेत ते मामांनाही ठाऊक नाही.

म्हणून क्लोन. डिस्क जशी आहे तशी, कचऱ्यासकट.

आधी फोटो आणि अंक एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, कारण म्हाताऱ्या डिस्कला तासन्‌तास सलग वाचायला लावलं की ती त्यातच मान टाकू शकते. नवी एक टीबीची एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडली आणि लॅपटॉप क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. हे फुकट मिळणारं तैवानी सॉफ्टवेअर आहे. दिसायला रुक्ष, पण काम चोख. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी, हे मात्र क्षमता वाचून दोनदा ताडून पाहावं. उलट झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. जुन्या लॅपटॉपचं यूएसबी २.०चं, सेकंदाला तीसेक एमबी जेमतेम. डिस्क पूर्ण उतरवायची तर तीन तास धरायचे. मामा मध्येच येऊन विचारत, “अजून वाचतोय?”

बसवणं त्या मानाने सोपं. एसएसडी ७ मिलिमीटर जाड, जुनी डिस्क साडेनऊ. फरकापुरती प्लॅस्टिकची चौकट लावली नाही तर ती आत खडखडते.

खरी गंमत सुरू झाल्यावर. सगळं जागच्या जागी, अंकही मराठीत उघडले, पण सी ड्राइव्हची पट्टी लालच! क्लोन म्हणजे जुने विभागही जुन्याच मापाचे. नवी जागा डिस्कच्या शेवटाला मोकळी पडलेली, आणि ती व सी यांच्या मध्ये कंपनीचा रिकव्हरी विभाग आडवा. विंडोज शेजारचीच जागा जोडून घेते, पलीकडची नाही. त्यामुळे ‘एक्स्टेंड’चा पर्याय फिकाच. विभाग सरकवणाऱ्या जीपार्टेड या सॉफ्टवेअरने तो रिकव्हरी विभाग शेवटाला नेला, तेव्हा सी मोठा झाला.

मग मामांचा हिशेब. “हजार सांगितलेस, हे नऊशे एकतीस कसे?” दुकानदाराने फसवलं नव्हतं. कंपनी टीबी मोजते हजाराच्या पटीत, विंडोज १०२४च्या. त्यांच्या जुन्या ३२०चे तरी कुठे ३२० दिसत होते? २९८च. इतकी वर्षं ते नजरेत आलं नव्हतं, एवढंच.

कोरी विंडोज टाकणं चुकीचं आहे असं नाही. व्हायरस असेल, मशीन वेड्यासारखं वागत असेल, तर तेच करावं. पण ज्याला काय हवं ते नेमकं सांगता येतं, त्याच्यासाठी तो सल्ला. आपल्यापैकी किती जणांना ते सांगता येईल?

जुनी डिस्क लगेच पुसू नये, दोनेक महिने तशीच ठेवावी. नवीबरोबर तीही जोडली तर दोघींची ओळख-खूण एकच निघते आणि विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते. डिस्क बिघडली असं समजून घाबरू नये. भंगारात द्यायचीच असेल तर नुसतं डिलीट करून भागत नाही, सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहून काढावीत. मामांनी तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातली आणि मोकळ्या जागेत काय भरायचं याची यादी काढायला घेतली. पहिल्या क्रमांकावर कीर्तनांच्या कॅसेट आहेत. त्या संगणकात उतरवायचं काम अर्थातच भाच्याकडे.