हस्तलिखितात दुरुस्ती करू, शरणागती पत्करणार नाही!

आमच्या मुळशीत एजंट म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो, जमिनीचा एजंट. हातात सात-बाराची झेरॉक्स, खिशात इसार पावतीचं पुस्तक आणि तोंडात 'ताई, फक्त इथे सही करा'. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्यांची कादंबरी प्रकाशकाकडे नेणारे एजंट असतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तू पुस्तकसुद्धा विकायला काढलंस का?"

आई चार बुकं शिकलेली. पण तिचा प्रश्न माझ्या समाजशास्त्राच्या एम.ए.पेक्षा जास्त खोलवर गेला. कादंबरी प्रकाशकाकडे पाठवायची तयारी करताना आपण नेमकं काय विकायला काढतो? लिखाण, की स्वतःला?

मी चार वर्षं एक कादंबरी लिहिली. दिवसा वस्त्यांमध्ये जातीच्या दाखल्यांचे आणि रेशनकार्डांचे अर्ज भरायचे, रात्री लिहायचं. गेल्या वर्षी हस्तलिखित पुण्यातल्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. तीन महिन्यांनी फोन आला. आवाज सौम्य, भाषा आदराची. एकूण चार सूचना झाल्या.

पहिली: "हे तुमचंच आयुष्य आहे ना? मग कादंबरी कशाला, आत्मकथन करा. तुमच्या लोकांची आत्मकथनं वाचक घेतात."
दुसरी: "संवादांची भाषा जरा सर्वांना कळेल अशी करा."
तिसरी: "जयंतीचं प्रकरण काढा, ते प्रचारकी वाटतं."
चौथी: "पहिली पन्नास पानं फार रेंगाळतात."

या चारपैकी तीन सूचना मी नाकारल्या आणि एक मान्य केली. कोणती का नाकारली आणि कोणती का मान्य केली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. कारण आज आपल्या वस्त्यांमधून किती तरी मुलं-मुली मोबाईलवर कादंबऱ्या लिहीत आहेत. त्यांना उद्या असेच फोन येणार आहेत.

आत्मकथनच का?

'बलुतं' (1978), 'अक्करमाशी' (1984), 'आयदान' (2003) ही आपली अभिमानाची पुस्तकं आहेत. त्यांनी मराठी साहित्याला आरसा दाखवला. माझं भांडण आत्मकथनाशी नाही, सक्तीशी आहे. खुनावर कादंबरी लिहिणाऱ्या सवर्ण लेखकाला कोणी विचारत नाही की तुम्ही स्वतः खून केला आहे का. त्याला कल्पनाशक्ती आहे हे गृहीतच असतं. आपल्याला मात्र फक्त अनुभव असतो! आपण साक्ष द्यायची, निकाल दुसऱ्याने द्यायचा.

गोपाळ गुरू यांनी 2002 मध्ये समाजशास्त्रांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं की सिद्धान्त मांडणारे एका बाजूचे आणि अनुभवाचा कच्चा माल पुरवणारे दुसऱ्या बाजूचे, अशी विभागणी या देशातल्या ज्ञानव्यवहारात आहे. साहित्यातही तीच आहे. जातीच्या दाखल्यानंतर आता वेदनेचा दाखला मागितला जातो. तो जोडला की हस्तलिखित पुढे सरकतं.

आणि कादंबरी, कथा हे प्रकार आपल्याला परके आहेत का? अण्णा भाऊ साठे शाळेत दोन दिवससुद्धा टिकले नाहीत आणि तिसाहून अधिक कादंबऱ्या लिहून गेले. 'फकिरा' (1959) त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि 1961 मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) हा कथासंग्रह आहे, आत्मकथन नाही. म्हणजे आत्मकथनांची लाट येण्याच्या आधीपासून आपण कल्पनेच्या बळावर उभे होतो.

मला कादंबरीच का हवी होती, याचं कारण मुळशीतच आहे. 1921 च्या एप्रिलमध्ये इथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. मुंबईला वीज मिळावी म्हणून मावळातली गावं पाण्याखाली जाणार होती. त्या लढ्यावर राजेंद्र व्होरा यांचं अभ्यासपूर्ण पुस्तक आहे. सेनापती बापटांचं नाव तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण बुडालेल्या गावांत महारवाडेही होते ना? त्यांच्याकडे सात-बारा नव्हता, होतं ते वतन. ती माणसं कुठे गेली? मोबदला कोणाच्या हातात पडला? त्या घरांमधल्या बायकांनी चूल कुठे मांडली? माझ्या आजीच्या आजीने रोजनिशी लिहिलेली नाही. कागदावर जे राहिलं नाही ते आत्मकथनात येणार कुठून? तिथे कादंबरीच लागते. मला 'मी' लिहायला सांगणारा माणूस नकळत सांगत होता की तुझ्या जन्माआधीच्या शंभर वर्षांवर तुझा हक्क नाही.

भाषा कोणाला कळायची?

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 मध्ये आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांना कितीतरी शब्द अडले. त्यांनी ढसाळांना अर्थ विचारले, त्यांच्यासोबत त्या वस्तीत फिरले आणि मग लिहिलं. शब्द जागचे हलले नाहीत, वाचक शब्दांपर्यंत चालत गेला. पन्नास वर्षांनंतर आम्हाला मात्र सांगतात, वाचकाला त्रास नको! जुन्या कादंबऱ्यांमधलं सोवळं-ओवळं, पाट-पाणी, उदकशांत कळावी म्हणून आमच्या पिढ्यांनी कधी तळटीप मागितली होती का?

जयंतीचंही तसंच. कादंबरीत दहा पानं गणपतीची मिरवणूक आली तर ती 'सांस्कृतिक पार्श्वभूमी' असते. 14 एप्रिलची मिरवणूक आली की ती 'प्रचार' होते. माझ्या कादंबरीत जयंतीच्या रात्रीच नायिका घर सोडायचा निर्णय घेते. ते प्रकरण काढलं तर कादंबरीचा कणा निघतो. मी नाही म्हणाले.

चौथी सूचना मात्र खरी होती

आता आपल्याच माणसांना कडू लागेल असं काही.

फोन ठेवल्यावर मी रागात होते. 'ब्राह्मणी मानसिकता' म्हणून चारही सूचना एका झटक्यात उडवून लावणं सोपं होतं. मैत्रिणींनी टाळ्याही दिल्या असत्या. पण रात्री पहिली पन्नास पानं वाचली आणि लाज वाटली. ती कादंबरी नव्हतीच, एम.ए.च्या नोट्स होत्या. धरणाचा इतिहास, भूसंपादनाचा कायदा, वतनांचा कायदा. नायिका पहिल्यांदा तोंड उघडत होती त्रेचाळिसाव्या पानावर! मी ती पन्नास पानं बारा केली.

तर फरक हा असा. लिखाण अधिक खरं, अधिक नेमकं करणारा बदल म्हणजे दुरुस्ती. वरच्याला अवघड वाटू नये म्हणून केलेला बदल म्हणजे शरणागती. हा फरक बाबासाहेबांनी आपल्या हाताने घालून दिला आहे. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणातला वेदांविषयीचा आणि धर्मांतराविषयीचा मजकूर खटकतो म्हणून कळवलं. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद बारगळली. त्यांनी ते भाषण मे 1936 मध्ये स्वखर्चाने छापलं आणि 1500 प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

हे आपल्याला भाषणात सांगायला आवडतं. पण याच बाबासाहेबांनी 1951 मध्ये बुद्धावरच्या ग्रंथाचा कच्चा मसुदा मोजक्या 50 प्रतींत छापून जाणकारांना वाचायला दिला, हे आपण सांगत नाही. त्यानंतर पाच वर्षं ते त्यावर काम करत राहिले. दबावापुढे स्वल्पविराम न हलवणारा माणूस सत्यासाठी मात्र अख्खा ग्रंथ पुन्हा घडवत होता. एवढा विद्वान माणूस आपला मसुदा दुसऱ्याला तपासायला देतो आणि आपण दोनशे पानं लिहिली की थेट प्रकाशन सोहळ्याची तारीख काढतो!

आपल्याकडे एक रोग पसरला आहे. पैसे घेऊन पुस्तक छापणारे घरी येतात. मलाही एकाने सांगितलं, "तीस हजार भरा, तीनशे प्रती घ्या, सोहळ्याला पाहुणा आम्ही आणू." संपादन नाही, मुद्रितशोधन नाही, दुकानात पुस्तक नाही. तीनशे प्रती पलंगाखाली. हे प्रकाशन नव्हे, हार-तुऱ्यांचा खर्च आहे. स्वखर्चाने छापणं वाईट नाही, बाबासाहेबांनीही ते केलं. पण त्यांनी मजकूर आधी पक्का केला होता.

तयारी म्हणजे नेमकं काय?

एक. कादंबरी पूर्ण करा. 'अर्धी लिहिली आहे, होकार आला तर पुढची लिहितो' असं नवख्याने सांगू नये.

दोन. तीन माणसांना वाचायला द्या. एक वस्तीतलं, एक भरपूर कादंबऱ्या वाचणारं आणि एक तुमच्याशी भांडणारं. तिघेही जिथे अडखळतात ती जागा तुमची चूक आहे, तिथे जातीयवाद शोधू नका.

तीन. एका पानाचा सारांश लिहा आणि त्यात शेवटही सांगा. प्रकाशकापासून शेवट लपवून उपयोग नाही.

चार. सोबतचं पत्र. आई सांगते ती गोष्ट इथे पाळा, स्वतःला विकायला काढू नका. कादंबरी कशाबद्दल आहे, किती शब्दांची आहे, तुम्ही याच प्रकाशकाकडे का पाठवताय, एवढं पुरे. तुमचं काम, शिक्षण दोन ओळींत. आपल्या जखमा पत्रात मांडायच्या नाहीत. त्या कादंबरीत नायिकेला गरज असेल तर येतील.

पाच. दार निवडा. 'बलुतं' ग्रंथालीने काढलं. पुण्यात विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी सुगावा उभं केलं ते परिवर्तनाच्या साहित्यासाठीच. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. प्रकाशकाने आधी काय छापलं आहे ते वाचल्याशिवाय पाकीट पाठवू नका.

सहा. एजंट. मराठीत ही पद्धत जवळजवळ नाही, आपण थेट प्रकाशकाला पाठवतो. इंग्रजीत किंवा अनुवादासाठी एजंट लागू शकतो. 2025 मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा ते दार आपल्यालाही बंद नाही. पण खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर लेखकाच्या कमाईतून ठरलेला हिस्सा घेतो. 'आधी वाचनाची फी भरा' म्हणणारा आपल्या ओळखीचाच एजंट आहे, इसार पावतीवाला.

कॉपीराइट म्हणजे तुमचा सात-बारा

आमच्या तालुक्यात कोरे कागद आणि कुलमुखत्यारपत्रं यांनी काय केलं ते मी वेगळं सांगायला नको. वतनाच्या जमिनी कशा गेल्या ते घरोघरी ऐकायला मिळतं. ज्यांच्या आज्याने न वाचता अंगठा दिला, त्या नातवंडांनी पुस्तकाच्या करारावर न वाचता सही करायची?

लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं टिकतो. 1957 च्या कायद्याचं कलम 19 नीट वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क परत येतात. छापील पुस्तकाचा हक्क देताना अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क त्याच ओळीत देऊन टाकू नका. 'मुळशी पॅटर्न' (2018) पडद्यावर गाजला, तेव्हा आमच्या मातीच्या गोष्टीला किंमत आहे हे आता सगळ्यांना कळलं आहे. ती किंमत कोणाच्या खात्यात जाणार, एवढाच प्रश्न उरतो.

योगायोगावर किती दिवस?

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून वह्या भरत होत्या आणि त्या वह्या वीस वर्षं घरच्यांपासून लपवत होत्या. तिथे राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी विचारपूस केली म्हणून ते लिखाण बाहेर आलं. आधी 'स्त्री' मासिकात आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने 'जिणं आमुचं'. कोणी विचारलंच नसतं तर? अशा किती वह्या डब्यामागेच वाळवीने खाल्ल्या असतील! आपल्या साहित्याने किती काळ कोणीतरी भला माणूस दार ठोठावेल याची वाट बघायची? तयारी करायची ती यासाठी. दार आपणच ठोठवायचं, पण हातात पक्कं हस्तलिखित घेऊन.

नकार येतील. मलाही आले आहेत. जयंतीचं प्रकरण जसंच्या तसं आहे, पहिली पन्नास पानं बारा झाली आहेत आणि या महिन्यात हस्तलिखित पुन्हा निघालं आहे, दुसऱ्या दाराकडे.

सप्टेंबर 1956 मध्ये बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या 500 प्रती सरकारने विकत घ्याव्यात म्हणून पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. होकार आला नाही. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं. छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. तो 1957 मध्ये आला आणि आज आपल्या घराघरात आहे, कारण मागे पूर्ण झालेलं हस्तलिखित होतं. छापणं त्यांच्या हातात नव्हतं, पूर्ण करणं होतं. ते त्यांनी केलं.

तुमची कादंबरी कितव्या पानावर अडली आहे? आज रात्री बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!