पायाखालची जमीन

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. ‘पायाखालची जमीन सरकणे’ हा वाक्प्रचार दोन्हींत आहे. उर्दूत ‘पैरों तले ज़मीन निकल जाना’ म्हणतात. मुले वहीत अर्थ लिहितात, मोठा धक्का बसणे. अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या न्यूटॉक गावावर मात्र हा प्रसंग अक्षरशः गुदरला.

न्यूटॉक हे युपिक आदिवासींचे, साधारण साडेतीनशे वस्तीचे गाव. हे लोक पूर्वी ऋतूप्रमाणे शिकारीच्या आणि मासेमारीच्या जागा बदलत. १९५८ मध्ये सरकारने इथे शाळा बांधली. बांधकामाचे सामान आणणारी मालवाहू नाव नदीतून इथपर्यंतच येऊ शकत होती, म्हणून ही जागा. मुले शाळेत, तर आईबापही तिथेच. फिरते लोक एका जागी बांधले गेले.

ती जागा पर्माफ्रॉस्टवर होती, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेल्या मातीवर. मातीतला बर्फच तिला घट्ट धरून ठेवतो. हवामान तापले तसा बर्फ वितळला, जमीन खचली, घरे कलली. निंगलिक नदी दरवर्षी सरासरी वीसेक मीटर काठ गिळू लागली.

गावाने १९९० च्या दशकातच नदीपलीकडे, सुमारे १५ किलोमीटरवरच्या मर्टारविकला जायचे ठरवले. पहिली कुटुंबे तिथे पोहोचली २०१९ मध्ये आणि उरलेली २०२४ मध्ये. मधल्या काळात गावाने आपत्ती जाहीर करण्याची मागणी केली, ती केंद्र सरकारने २०१७ मध्ये नाकारली. वादळ किंवा भूकंप झाला की मदतीची व्यवस्था हलते. जमीन वर्षानुवर्षे थोडीथोडी जात राहिली, तर तिला आपत्तीची तारीख नसते.

कोणी म्हणेल, हे लोक मुळात फिरतेच, पुन्हा हलतील. मला हे पटत नाही. हलायला ते तयारच होते. पण आता घर, शाळा, दवाखाना, वीज, पाणी सगळेच हलवावे लागते, आणि त्याला लागणारा पैसा साडेतीनशे माणसांकडे कुठून येणार? ज्या सरकारने शाळेसाठी त्यांना तिथे बसवले, त्यानेच तो वेळेत द्यायला हवा होता. हवा तापवण्यात युपिकांचा वाटा नगण्य आहे.

शाळा बांधणे हे पुण्याचेच काम, शिक्षक म्हणून मी ते मानतो. पण शाळेभोवती गाव वसवणाऱ्याने त्या गावाची जबाबदारीही घ्यायला हवी.