साडेअकरा पौंडांतले शिक्षण

परवा संध्याकाळी टेंभी नाक्यावर एक जुने स्नेही भेटले. जयभीम झाला. त्यांच्या मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. बातमी आनंदाची, पण स्वारी चिंतेत. "एकटी पोर परमुलखात राहील कशी, खाईल काय?" आम्ही म्हटले, "दादा, आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना? मग हे त्यांच्याकडूनच समजून घेऊ."

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी बाबा गेले आणि जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर बडोद्याची दहा वर्षे नोकरी, असा करार. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहात मुक्काम पडला. तिथले जेवण मानवेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. १९२० साली लंडनला परत जाताना याच मित्राने पाच हजार रुपये उसने दिले होते. परदेशात जोडलेला एक माणूस असा कामी येतो.

सुरुवातीचे काही महिने खेळ, नाटके, गप्पा यांतही गेले, असे चरित्रकार सांगतात. आम्हाला हे वाचून बरे वाटते. फोटोला हार घालता घालता आपण त्यांचे बाविशीतले वय विसरतो. मग मात्र दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास. पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे, कारण इकडे माता रमाई संसार ओढत होत्या. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवलेला हा विद्यार्थी तिथे सर्वांच्या बरोबरीने बसत होता, एका टेबलावर जेवत होता. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला.

स्नेह्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "आमच्या पोरीलाही तसलाच विषय घ्यायचाय. आपल्याकडच्या सफाई कामगारांचा इतिहास."

आता आम्हीच गप्प झालो. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या नियमांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि इथला समाज हे विषय तिच्यातून वगळले. कारण काय, तर त्यासाठी परदेशात जायची गरज नाही! म्हणजे बाबासाहेबांनी आज अर्ज केला असता, तर जातींवरच्या निबंधाला या योजनेतून छदाम मिळाला नसता. एका संस्थानिकाने शंभर वर्षांपूर्वी विषयावरून अडवले नाही. आपल्या मतांवर निवडून आलेल्यांनी अडवले. आपल्या पोरांनी इंजिनीअर जरूर व्हावे, पण आपला इतिहास मग लिहायचा कोणी?

स्नेह्यांना म्हटले, "विषय बदलू नका. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, आधी तिचे नियम पाहू." जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि प्रवेशपत्र घेऊन रविवारी वंदनेनंतर त्यांना विहारात बोलावले आहे. आणखी कुणाच्या घरी असा अर्ज भरायचा असेल, तर त्यांनीही यावे. झेरॉक्स आम्ही काढू.