पूर आणि नदीकाठ
पुराचे भय पुणेकरांस कोणी शिकवावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. जुलै २०२४ मध्ये नदीलगतच्या एकतानगरीत पाणी शिरले. पूरनियंत्रण हवेच, याविषयी दुमत नाही. परंतु मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर प्रवाहाकाठी महापालिकेने योजिलेले तटबंध पात्राचा संकोच करणार असतील, तर पाण्याची पातळी चढेल की उतरेल? राम-मुळा संगमावरील वाळुंजाची झाडी ही केवळ पक्षीप्रेमींची हौस नव्हे. पुराचा वेग मोडणारी आणि माती धरून ठेवणारी ती नदीचीच व्यवस्था आहे. तोडलेल्या वृक्षांच्या बदली अन्यत्र रोपे लावू, असे आश्वासन मिळते. जणू रोपटी पूर अडविणार आहेत! निळ्या पूररेषेच्या आत नवा भराव पडू नये, आणि पडलेला आधी उचलावा, एवढीच आमची मागणी आहे.